धाकट्याला उन्हात ठेवलं

१२ एप्रिल १९९९, सोमवार. जळगाव

स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू, वर्षवार –

१९६८. खड्याचा रेडिओ. बॅटरी नाही, वीज नाही. एरियलची तार कडुनिंबावर. वय सोळा.

१९७६. मोटर वायंडिंगचं यंत्र. सायकलचं चाक, लोखंडी पट्ट्या, वेढे मोजायला मोडक्या टेपरेकॉर्डरचा काउंटर.

१९७९ ते ८४. व्होल्टेज स्टॅबिलायझर. एकूण ३१२ नग. परत आले चार. चारही दुरुस्त करून दिले, पैसे न घेता.

१९८२. जयंतीच्या मिरवणुकीचा अँप्लिफायर, शंभर वॅट. अजून चालतो.

१९८७. भंगारातलं रशियन स्टॉपवॉच उघडून जिवंत केलं. रेडिओवरच्या वेळेच्या ‘पिप्-पिप्’शी ताडून पाहिलं – चोवीस तासांत दोन सेकंद मागे. तेवढं धरून चालतो.

१९९१. ‘पाट’. ठिबकच्या नळ्यांचा हिशेब करणारा प्रोग्रॅम. कोणत्या शेताला किती जाडीची नळी, शेवटच्या झाडाशी किती दाब. तेव्हा ११४० ओळी. आज ६३१२. एकही ओळ उसनी नाही.

ही यादी कशाला? तर आज कंपनीत एक फॉर्म हातात दिला. सर्व्हेला जाणाऱ्या लोकांसाठी बारा लॅपटॉप घ्यायचे आहेत. दोन नमुने ट्रायलला आलेत. कोणता घ्यायचा त्याची चाचणी मी करायची, रिपोर्ट मी लिहायचा. फॉर्मवर खाली रकाना – ‘चाचणी घेणाऱ्याचे नाव’. त्याखाली – ‘शैक्षणिक पात्रता’.

महाजनसाहेब (डिझाइनचे नवे हेड, वय बत्तीस, एम.टेक.) म्हणाले, “आधारभाऊ, तुम्ही टेस्ट करा, सही मी करतो. बोर्डापुढे जायचं आहे ना, डिग्री लागते.”

वाईट मनानं नाही म्हणाले. तेच जास्त लागलं!

मी म्हटलं, “साहेब, मोजणार मी. चुकलं तर शिव्या मला. मग नावही माझंच. रिपोर्ट माझ्या सहीनं जाईल, नाहीतर जाणार नाही.”

ते हसले. “बघू.”

बघू काय? जुनी अकरावी, इंग्रजीत नापास. त्याच इंग्रजीतली मॅन्युअलं गेली दहा वर्षं ह्या कंपनीला मी वाचून दाखवतोय!

१३ एप्रिल, मंगळवार. जळगाव

दोन्ही यंत्रं माझ्या टेबलावर. नावं लांबलचक आहेत, मी सोपी ठेवली. मोठा आणि धाकटा.

मोठा – पेंटियम टू, तीनशे मेगाहर्ट्झ. किंमत एक लाख अडुसष्ट हजार.

धाकटा – सेलेरॉन, तोही तीनशे. किंमत एक लाख सोळा हजार.

फरक बावन्न हजारांचा. बारा यंत्रांचे सहा लाख चोवीस हजार. मेमरी दोघांची सारखी, डिस्क सारखी, पडदा सारखा. मग बावन्न हजार कशाचे?

कॅशचे. चिपजवळची लहान मेमरी. मोठ्याजवळ ५१२ के. धाकट्याजवळ १२८. चौपट! सगळे इथेच थांबतात आणि मोठ्याला नमस्कार करतात. मॅन्युअलचं पुढचं पान कोणी उलटत नाही. त्यात लिहिलंय – मोठ्याची कॅश चिपच्या निम्म्या वेगानं चालते. धाकट्याची पुऱ्या वेगानं.

म्हणजे आमच्या धुळ्याच्या घरातलं लिलाचं स्वयंपाकघर. मिसळणाचा डबा शेगडीजवळ – सात वाट्या, हात घातला की मिळालं. आणि पलीकडे फळीवर पंचवीस बरण्या. रोजच्या भाजीला डबाच जलद. लग्नाचा स्वयंपाक असेल तर डबा पुरत नाही, फळी गाठावी लागते.

तेव्हा प्रश्न असा, की आपल्याला रोज भाजी करायची आहे का लग्न?

१४ एप्रिल, बुधवार

जयंती. सुट्टी. अँप्लिफायर धुळ्यात वाजत असेल. यंदा मी नाही, प्रथमच. दिवसभर खोलीत बसून तपासणीचे कागद आखले.

१५ एप्रिल, गुरुवार

महाजनसाहेबांनी त्यांचा डेटा दिला. साखर कारखान्याचा फार्म, २१० एकर, ऊस. एसी खोली, तापमान २४. ‘पाट’ चालवला, प्रत्येकी दहा वेळा. सरासरी –

मोठा, तीन मिनिटं बेचाळीस सेकंद.
धाकटा, पाच मिनिटं नऊ.

साहेब खूश. “झालं तर! एक मिनिट सत्तावीस सेकंदांचा फरक. आता ह्यात अजून काय टेस्ट करायचं?”

मी विचारलं, “साहेब, हे शेत कोणाचं?”

“म्हणजे?”

“आपल्याकडे किती जणांचं असलं शेत आहे?”

ते घड्याळ बघून मीटिंगला गेले. पण मुद्दा चुकीचा नाही त्यांचा. लग्नाच्या स्वयंपाकाला मोठाच लागतो, हे मीही लिहीन. जे आहे ते आहे.

१६ एप्रिल, शुक्रवार

रेकॉर्डरूममधून मागच्या वर्षाची डिझाइन रजिस्टरं काढली. सहा बाडं. धुळीनं शिंकून शिंकून बेजार. एकूण डिझाइन १३१२.

पाच एकरांच्या आत – ११४७.
पाच ते वीस – १५२.
वीसच्या वर – १३. तेरा!

तेरा गुणिले सत्याऐंशी सेकंद. अकराशे एकतीस. म्हणजे वर्षाकाठी अठरा मिनिटं एक्कावन्न सेकंद वाचतील. त्यासाठी सहा लाख चोवीस हजार!

दोनदा मोजलं. उद्या परत मोजीन. आकडा आवडला की त्याच्यावर जास्त संशय घ्यावा.

१७ एप्रिल, शनिवार. धुळ्याच्या बसमध्ये

सकाळी चार एकरांची केळी, जामनेर तालुक्यातलं खरं शेत. वीस-वीस वेळा.

मोठा, ११.४ सेकंद. धाकटा, ११.१.

धाकटा पुढे! तीन दशांशानं, पण पुढे. मला आनंद झाला पाहिजे होता. झाला नाही. आणखी वीस वेळा घेतलं, धाकट्याच्या वेळेला मुद्दाम घड्याळ सावकाश थांबवून. तरी ११.३.

एरंडोलला बसमध्ये चहा. अक्षर हलतंय. बास.

१८ एप्रिल, रविवार. धुळे

आज आखाजी, अक्षय्य तृतीया. शेजारच्या ताईबाई अक्कांनी आमरस आणि सांजोऱ्या पाठवल्या. त्यांच्या लेकी माहेरी आल्यात, दारातल्या झोक्यावर गाणी चाललीत सकाळपासून.

लिला म्हणाली, “पुनाभाऊ नाही आले यंदा. दर आखाजीला आंबे घेऊन येतात. तुमचं काही बिनसलं का?”

“कामात असेल.”

“मागच्या महिन्यात आले होते ना? मी चहा टाकला तोवर निघूनही गेले. तुम्ही दारापर्यंतसुद्धा गेला नाहीत.”

“लिला, वाढ.”

वाढलं. पण बघत राहिली. तेवीस वर्षांचा संसार. काउंटरपेक्षा नीट वेढे मोजते.

पुना माझा जुना भागीदार. एस.टी. स्टँडमागच्या दुकानात अकरा वर्षं एका बाकावर बसलो. तो गिऱ्हाईक आणायचा, मी उघडायचो. ३१२ स्टॅबिलायझर मी केले, पण विकले त्यानं, हेही लिहायला पाहिजे. आता त्याचं कॉम्प्युटरचं शोरूम आहे. काचेचं दार.

रस खाल्ला नाही. गोड जास्त होता.

२० एप्रिल, मंगळवार. जळगाव

परचेसमधला अभिमन कँटीनमध्ये मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं – “आधारभाऊ, धाकट्यानं बाजी मारली म्हणे!”

“अजून चाचणी चालू आहे.”

“धाकट्याचा डीलर धुळ्याचा आहे ना? तुमच्या गावचा!”

“धुळ्यात चार लाख माणसं राहतात.”

“हो, पण सगळ्यांना तुम्ही ओळखत नाही!”

बाकीचे हसले. मी पोहे संपवले, एकही दाणा न टाकता.

२२ एप्रिल, गुरुवार

शेतावरची चाचणी. एसी खोलीत ठिबक कोणी टाकत नाही! आपले सर्व्हेचे लोक दुपारी बाराला बांधावर उभे राहून शेतकऱ्याला नकाशा दाखवतात. यंत्रानं तिथे चालायला पाहिजे.

पारोळ्याच्या अलीकडे झुलाल नानांचं शेत. साडेतीन एकर, पैकी दोन एकर केळी. कंपनीची जीप, मी, ड्रायव्हर, दोन यंत्रं, थर्मामीटर, स्टॉपवॉच. सावलीत ४२.५. उन्हात थर्मामीटर ठेवला तर पारा वर जाऊन टेकला, तो आकडा धरत नाही.

बांधावर कडुनिंब, त्याखाली नानांची बाज. मांडामांड केली, चाचणी सुरू. दोन्ही बॅटरीवर.

मोठा, १२.९ सेकंद. नंतर १३.१. नंतर १३.
धाकटा, १४. मग १७. मग १९.८.

धाकटा बसला! तापला की तो आपला वेग आपणच कमी करतो. मी आकडे लिहीत होतो आणि मला बरं वाटत होतं. खरंच. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं. चला, मोठा जिंकला. आता कोण काय म्हणेल?

झुलाल नाना विडी ओढत बघत होते. वय सत्तर. म्हणाले, “भाऊ, ह्या दोन्ही भाऊ-भाऊ शेतस का?”

“हो नाना. हा मोठा, हा धाकटा.”

“मंग याले उनमा कसाले ठेवं? सावत्र शे का हाऊ?”

मी बघितलं.

मोठा बाजेवर, सावलीत. धाकटा बाजेच्या पायथ्याला, दगडावर. सावली सरकलेली नव्हती. मी ठेवला तेव्हाच तिथे ऊन होतं. मी ठेवला! माझ्या हातानं.

ड्रायव्हर हसायला लागला. नाना नाही हसले. म्हणाले, “बैल ल्येतांना बाजू बदलीसन देखतस. एकच बाजूले जुपी कसं कळी?”

जोखडाच्या दोन्ही अंगांना जुंपून बघतात बैल. पहिलीतल्या पोराला कळेल. आणि मी – कागद आखणारा, घड्याळातले दोन सेकंद धरणारा!

आकडे खोडले. खोडून बाजूला लिहिलं, “चाचणी रद्द. दोष चाचणी घेणाऱ्याचा.” तारीख घातली, सही केली. बॅटऱ्या संपल्या होत्या. परत आलो.

२३ एप्रिल, शुक्रवार

धाकट्याला उन्हात का ठेवलं, ते मला माहीत आहे. लिहीत नाही.

२४ एप्रिल, शनिवार

महाजनसाहेबांनी खोडलेला कागद पाहिला. “हे रेकॉर्डला कशाला ठेवताय? फाडून टाका, नवीन टेस्ट घ्या. कोणाला कळणार आहे?”

“मला कळलंय.”

“आधारभाऊ, तुम्ही जरा जास्तच…”

“साहेब, डिग्री असती तर फाडला असता. डिग्रीवाल्याच्या एका चुकीनं काही बिघडत नाही. माझी एक चूक लपलेली सापडली, की ६३१२ ओळी खोट्या ठरतील.”

साहेबांनी कागद परत टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “सोमवारी मी येऊ का शेतावर?”

या की. ऊन कोणाच्या बापाचं नाही.

धुळ्याला गेलो नाही. लिलाला शेजारच्या फोनवर निरोप दिला.

२६ एप्रिल, सोमवार

परत झुलाल नाना. आज महाजनसाहेब बरोबर, पांढरी टोपी घालून. नाना त्यांना म्हणाले, “साहेब, तुम्हना गोरा रंग आठे चालाव नही,” आणि डोक्याचं उपरणं काढून त्यांच्या मानेभोवती गुंडाळलं! साहेब लाल झाले, पण काढलं नाही.

पद्धत अशी – पाच वेळा दोघंही सावलीत. पाच वेळा दोघंही उन्हात. मग जागा बदलून परत तेवढंच. दोन चाचण्यांच्या मध्ये वीस मिनिटं दोन्ही यंत्रं थंड करायची. घड्याळ एकदा माझ्या हातात, एकदा साहेबांच्या. आकडे एकमेकांना सांगायचे नाहीत, आपापल्या कागदावर लिहायचे, शेवटी ताडायचे.

सहा तास लागले. नानांच्या घरून कळण्याची भाकरी, ठेचा आणि ताक आलं. सुंदरबाई अक्का, नानांचं कुटुंब, घेऊन आल्या. बांधाशी टोपली उतरवत म्हणाल्या, “बठ्ठा दिन दोन डबडास्ना तोंडकडे देखी ऱ्हायनात. पानी कव्हय येई?”

नाना म्हणाले, “घोडा देखाले येल शेतस. पानी मांगून येई.” आधी घोडे पारखायचे, पाणी मागाहून.

निकाल –

सावलीत मोठा १३.०, धाकटा १३.२.
उन्हात मोठा १९.४, धाकटा १९.१.
बॅटरी, सावलीत सलग काम – मोठा एक तास अडतीस मिनिटं, धाकटा दोन तास चार.

माझे आणि साहेबांचे आकडे दोन दशांशापलीकडे कुठेच वेगळे नाहीत.

दोघांतलं खरं अंतर चिपमध्ये नाहीच. सावली आणि ऊन यांच्यात आहे. तेव्हा शिफारस – धाकटा घ्या, आणि प्रत्येकामागे एक मोठी छत्री. छत्री एकशे वीस रुपये. वीस एकरांच्या वरचं डिझाइन ऑफिसच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर करा, वर्षात तेरा.

परतीला जीपमध्ये साहेब म्हणाले, “छत्री रिपोर्टमध्ये लिहिणार?”

“लिहिणार. तिच्याइतका फरक कशानंच पडत नाही.”

२८ एप्रिल, बुधवार

रिपोर्ट टाइप केला. चार पानं, मागे आकड्यांची नऊ. खोडलेला कागदही जोडला, पान क्रमांक सात.

‘शैक्षणिक पात्रता’ रकान्यात लिहिलं – “जुनी अकरावी, नापास. सोबत यादी जोडली आहे.” आणि बारा तारखेची यादी स्वच्छ अक्षरात उतरवून लावली. खड्याच्या रेडिओपासून.

साहेबांनी वाचली. दोनदा. “३१२ मधले चार परत आले, हे पण लिहिलंय?”

“आले होते ना.”

सही माझी. शाई निळी. आधार सुपडू बिऱ्हाडे.

संध्याकाळी अभिमननं जिन्यात गाठलं. आता आवाज हळू. “भाऊ, मी शेठच्या कानावर घातलंय. धाकट्याचा डीलर आणि तुम्ही अकरा वर्षं भागीदार होते. हे तुम्ही कुठं लिहिलं नाही. तेरा पानांत कुठंच नाही.”

मी एक पायरी खाली उतरलो. तो मागून म्हणाला,

“किती भेटले? मला नका सांगू. शुक्रवारी शेठला सांगा.”

त्याचं एक बरोबर आहे. लिहिलं नाही मी. खड्याचा रेडिओ लिहिला, पुना लिहिला नाही.

२९ एप्रिल, गुरुवार

चौदावं पान जोडलं. एकच ओळ – “धाकट्या यंत्राचे धुळे येथील विक्रेते श्री. पुना अहिरे हे १९७७ ते १९८८ माझे भागीदार होते.” सही.

बास. त्याच्यापुढे एक अक्षर नाही. “मी प्रामाणिक आहे” असं लिहायचं? ते माणसानं लिहायचं नसतं.

३० एप्रिल, शुक्रवार

आज मीटिंग. सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो.

कौतिकशेठ – कंपनीचे मालक, स्वतः शेतकऱ्याचे, पांढरा शर्ट, पायात साधी चप्पल – टेबलाच्या टोकाला. महाजनसाहेब, अभिमन, दोन डायरेक्टर. मला खुर्ची दिली, भिंतीकडची. मी ती उचलून टेबलाशी आणली. अभिमननं भुवया वर केल्या. करू दे.

शेठनं चौदावं पान वर काढलं. “आधारभाऊ, हे पान कालचं दिसतंय. शाई वेगळी आहे.”

“कालचंच आहे. आधी लिहायला पाहिजे होतं. चुकलो.”

“पुना तुमचा दोस्त ना?”

“होता.”

“होता म्हणजे? भांडण झालं?”

“शेठ, ते रिपोर्टात येत नाही.”

एक डायरेक्टर खुर्चीत सरसावले. “स्पष्टच विचारतो. त्यानं तुम्हाला काही देऊ केलं का?”

एसीचा आवाज. खाली गेटवर ट्रकचा हॉर्न.

हो म्हणालो तर – देऊ केलं, म्हणजे घेतलं असेल. नाही म्हणालो तर – नाहीच म्हणणार! दोन्हीकडून मीच उघडा. मग ठरवलं. माझ्या तोंडावर विश्वास मागायचाच नाही. मागितला की तो उसना झाला.

खिशातून स्टॉपवॉच काढलं. टेबलावर ठेवलं. म्हटलं, “मला विचारू नका. यंत्रांना विचारा. दोन्ही बाहेर आहेत, शेत आत भरलेलं आहे, एक बटण दाबायचं आहे. घड्याळ दिवसाला दोन सेकंद मागे पडतं, बारा सेकंदांत त्याचा फरक पडत नाही. आकडे खोटे निघाले तर आजचा दिवस माझा शेवटचा. आणि खरे निघाले, तर मला किती मिळाले ह्यानं ते बदलणार आहेत का?”

अभिमन म्हणाला, “हे उत्तर नाही झालं.”

मी म्हटलं, “तुझ्या प्रश्नाचं नाही. लॅपटॉपच्या प्रश्नाचं आहे. मीटिंग त्याची आहे.”

शेठ हसले, अगदी थोडे. “आणा दोन्ही.”

घड्याळ महाजनसाहेबांनी उचललं, पण शेठनं ते त्यांच्या हातातून घेतलं. स्वतः! चष्मा लावून, अंगठा बटणावर. मोठा – ११.५. धाकटा – ११.२. परत. ११.४, ११.२. मग म्हणाले, “आता माझं शेत घाला.” त्यांच्या वडिलांची सहा एकर जमीन, अजून त्यांच्या नावावर. रजिस्टरात होतीच. मोठा १६.०, धाकटा १५.९.

शेठनं घड्याळ उलटं करून पाहिलं. मागचं झाकण मी पितळेचं बसवलंय, मूळचं गंजलेलं होतं. “हे तुम्ही केलंय?”

“झाकण आणि स्प्रिंग. बाकी रशियाचं.”

मग महाजनसाहेब उठले. माझा रिपोर्ट ओढून घेतला, पेन काढलं. मला वाटलं, झालं – आता ह्यांची सही वर येणार. त्यांनी माझ्या सहीच्या खाली, खाली म्हणजे खालीच, लिहिलं – “शेतावरील मोजणी माझ्या समक्ष झाली. साक्षीदार, हिलाल महाजन.” एम.टेक. लिहिलं नाही!

बोर्डाकडे असाच गेला. माझ्या नावानं.

बाहेर आलो. पाण्याच्या कूलरपाशी उभा राहून तीन ग्लास पाणी प्यायलो. अभिमन शेजारी येऊन उभा राहिला. ग्लास भरला. म्हणाला, “पण तुम्ही ‘नाही’ असं म्हटलं नाहीच, आधारभाऊ.”

खरं आहे. ‘नाही’ असं म्हटलं नाही.

३ मे, सोमवार

धाकटा मंजूर. बारा नग. छत्र्याही मंजूर! तीन डीलरांकडून कोटेशन मागवणार, कमीत कमी त्याचं घेणार. मी त्या कमिटीत नाही. नको म्हणून सांगितलं.

‘पाट’मध्ये दोन ओळी वाढवल्या. ६३१४. प्रोग्रॅम सुरू करताना आता पडद्यावर येतं – “यंत्र सावलीत आहे का?” होय दाबल्याशिवाय पुढे जात नाही.

६ मे, गुरुवार

ऑर्डर पुनाला. त्याचं कोटेशन सगळ्यांत कमी निघालं, नगामागे दीड हजारानं. अभिमननं नोटिस बोर्डावर लावताना माझ्याकडे बघून हात जोडले.

आयुष्यभर बघेल तो असा. बघू दे. पुसायला माझ्याकडे काहीच नाही, आणि असतं तरी पुसलं नसतं!

९ मे, रविवार. धुळे

लिला आज परत म्हणाली, पुनाभाऊंना जेवायला बोलवा. आंब्याचा सीझन संपेल. तिला सांगितलं नव्हतं. ह्या वहीलाही नाही. लिहितो.

२८ मार्च, रविवार. चाचणीच्या आधी पंधरा दिवस. चाचणी मी करणार हे मला कळायच्या आधी त्याला कळलं होतं. लिला चहा टाकत होती. ह्याच खुर्चीत बसून पुना म्हणाला, “आधार, एक अक्षर खोटं लिहू नको. माझं यंत्र चांगलंच आहे, आणि तू मोजलंस की ते दिसणारच. मी तुला ओळखत नाही का? तू फक्त खरं लिही. त्याचेच देतो.”

एका यंत्रामागे पाच हजार. बारा यंत्रं.

त्याला तिथल्या तिथे ‘नाही’ म्हणालो. साठ हजार रुपये.